दुसरं स्टूल

काझीसाहेब गेल्याचा फोन उरणहून त्यांच्या मुलाने केला, तेव्हा मी तुर्भ्याच्या कारखान्यात माझ्या तपासणीच्या टेबलाशी होते. उठून जुन्या मशीनवाल्या म्हात्रेला सांगितलं. त्याने मशीन बंद केलं नाही. मान खाली घातली... आणि हातातला नग पुरा केला. साहेबांना ते आवडलं असतं. ईदला त्यांच्याकडे गेले होते, ती शेवटची भेट. शीरखुर्म्याची वाटी हातात देत त्यांनी तब्येतीचा विषय उडवून लावला आणि विचारलं, "दुसरं स्टूल आहे ना अजून?"

आम्ही पंपांचे सुटे भाग करतो. काझीसाहेब निवृत्त होईपर्यंत आमचे सुपरवायझर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवे मॅनेजर आले आणि दाराशी बोर्ड लागला: कुणाचे नग जास्त, कुणाचे कमी. ज्याचं नाव खाली, त्याने सगळ्यांसमोर बोलणी खायची. बघता बघता माणसं बदलली. चांगली हत्यारं कुलपात गेली. पहिल्या पाळीचा माणूस घरी जाताना मशीनचं सेटिंग मुद्दाम हलवून ठेवू लागला, म्हणजे दुसऱ्याचा वेळ ते जुळवण्यातच जावा. माझ्या टेबलावर खराब नगांचा ढीग साचू लागला, काही नजरेतून सुटूनही गेले, आणि एक दिवस गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली. "मला नाव द्या," मॅनेजर म्हणाले, "आजच काढतो त्याला."

नाव म्हात्रेचं होतं; त्या मालाच्या वेळी सेटिंग त्याने हलवलं होतं. त्याची शेती हे नवं शहर वसवताना सरकारने घेतलेली, घरात ही एकच नोकरी. काझीसाहेबांनी त्याला माझ्या टेबलाशीच विचारलं, "का केलंस रे?"

"पयला माज्या मशीनवर दुसऱ्यानी केला, साहेब. रोज बोलनी खायाला मी काय खुळा हाय?"

"आणि माल परत आला तो?"

"मालाचा मना काय म्हाईत? मना तो बोर्ड दिसतो."

साहेब हसले. "खरं बोललास. जा, मशीन लाव."

मग ते केबिनमध्ये गेले. मीही गेले. "नाव देणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "याला काढाल, उद्या दुसरा करेल. बोर्ड काढा, महिनाभर माझ्या पद्धतीने चालवू द्या. माल सुधारला नाही तर मला काढा." मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नग मी तपासते सर. मला यांचं पटतंय." त्यांनी महिना दिला.

पद्धत एवढीच, की प्रत्येक मशीनपाशी दुसरं स्टूल. येणाऱ्याचा पहिला चांगला नग निघेपर्यंत जाणाऱ्याने त्यावर बसायचं, बरोबर चहा घ्यायचा, मशीनच्या कुरबुरी सांगायच्या. मगच घरी. सुरुवातीला दोघं तोंडं फिरवून बसत. साहेब जाता जाता म्हणत, "काय रे, सोयरीक मोडली की काय?" हळूहळू बोलणं सुरू झालं. ज्याच्याबरोबर रोज चहा प्यायचा, त्याचं मशीन हलवून ठेवणं जड जातं. ढीग उतरला, बोर्ड परत लागला नाही, म्हात्रे राहिला. मीही तेव्हापासून खराब नग नुसता बाजूला टाकत नाही, करणाऱ्याकडे घेऊन जाते. मला बघून माणसं आता पाठ फिरवत नाहीत. हे मला साहेबांकडून मिळालं.

फोन आला त्या दिवशी पाळी सुटली. दफन संध्याकाळी होतं, गाडी दाराशी उभी. म्हटलं, "म्हात्रे, चला, उशीर होईल." तो दुसऱ्या स्टुलावर जाऊन बसला होता.

"नग निंगू द्या, मॅडम. साहेबाला काय सांगू, मधीच उठलो?"

मी थांबले. नग निघाला. मापात होता. मग आम्ही निघालो.