सुनीताचं साउंडचेक

"गाना होगा, भाषण नहीं." दरोगाजींनी परवानगीचा कागद माझ्या मिक्सरवर आपटला. "एक भी भाषण हुआ, तो आपका सारा सामान थाने में."

बनारसला गंगेच्या पलीकडे, रामनगरच्या मैदानात कॉलेजच्या मुलांची रॉक कॉन्सर्ट होती, सीवर म्हणजे गटारं साफ करणाऱ्या कामगारांसाठी. मागणी साधी होती: मेनहोलमध्ये माणूस उतरवू नका, मशीन आणा. गाण्यांच्या मध्ये सुनीता दोन मिनिटं बोलणार होती. तिचा नवरा मेनहोलमध्ये गॅसने बेशुद्ध पडला होता. वाचला, पण चार पावलं चालला की अजून दम लागतो. सोमवारी त्याच लाइनमध्ये तिचा दीर उतरणार होता. मास्क नाही, बेल्ट नाही.

मी साउंड इंजिनिअर, म्हणजे कोणाचा आवाज किती मोठा जाईल ते ठरवणारा माणूस. सामान बापूकाकांचं. ते माझे मालक, आणि अलीकडच्या काठावर, दूधविनायक मोहल्ल्यातले शेजारीही. मी त्यांना फोन लावला.

"अरे, तू ह्या झमेल्यात पडू नकोस. सामान जब्त झालं तर दुकानच बंद!"

खरं सांगतो, मी घाबरलो. सुनीताला म्हणालो, "दीदी, आज नहीं हो पाएगा."

ती भांडली नाही. "तो सोमवार को देवर उतर जाएगा, भैया," एवढंच म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

परवानगीच्या घोळात साउंडचेक राहून गेलं होतं. साउंडचेक म्हणजे प्रत्येक माइकवर कोणीतरी बोलायचं आणि मी 'बस' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. तेवढ्यात मी आवाजाची लेव्हल बसवतो. हे लोक यायच्या आधी उरकतात. आज लोक येऊन बसले होते. पहिल्या रांगेत सीवर विभागाचे मोठे इंजिनिअरसाहेब पाहुणे म्हणून बसले होते. चेक करताना बहुतेक जण 'हॅलो, वन, टू' म्हणतात. पण तेच म्हणावं असा काही नियम नाही. आमचा ड्रमर तर सकाळी किती कचोऱ्या खाल्ल्या तेही सांगतो.

मी गायकाला बाजूला थांबायला सांगितलं आणि सुनीताला स्टेजवर बोलावलं. "दीदी, माइक चेक कर दीजिए. जब तक मैं न रोकूँ, बोलती रहिए."

तिचा आवाज इतका बारीक, की मी लेव्हल वाढवली तर स्पीकर किंचाळला. "पास आइए!" मी ओरडलो. ती माइकला जवळजवळ चिकटली.

"मेरे आदमी को रस्सी बाँधकर खींचा था. मुझे लगा मर गए. सोमवार को देवर की बारी है..."

दरोगाजी धावत आले. "यह क्या हो रहा है?"

"चेक है, साहब. लेव्हल नहीं बैठ रही."

लेव्हल अर्ध्या मिनिटात बसली होती. मी चार मिनिटं 'बस' म्हणालो नाही. दरोगाजींनी कागद पाहिला, स्टेजकडे पाहिलं. "जल्दी बैठाइए," म्हणाले आणि तिथेच ऐकत उभे राहिले.

ती खाली उतरली तेव्हा इंजिनिअरसाहेब पायऱ्यांशी थांबले होते. त्यांनी मेनहोल कुठलं ते विचारून लिहून घेतलं. सोमवारी दीर उतरला नाही. पुढच्या महिन्यात सुनीताचा फोन आला, "भैया, मशीन आ गयी!" मी पुलावरून स्कूटर घेऊन मशीन बघायलाच गेलो.

बापूकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एकच शिकलो: साउंडचेक घाईत उरकू नये. हल्ली असा कार्यक्रम आला की बापूकाका सगळ्यात चांगला माइक स्वतः पेटीत ठेवतात आणि विचारतात, "चेकला कोण आहे रे आज?"