आपट्याच्या नदीकाठचे रविवार

डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्याच कागदाच्या तळाशी एक फोन नंबर लिहिला. "गोळ्यांबरोबर हेही करून बघा. आपट्याला नदीकाठी एका शेतावर दर रविवारी काही लोक जमतात. मातीत काम करतात, चालतात, नुसते बसतात. लहान-मोठे सगळे असतात."

मला रागच आला. माझा नवरा वर्षभर उंबऱ्याबाहेर पडला नव्हता आणि या बाई माती चिवडायला सांगत होत्या.

हे जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. तिथे एक ट्रेलर मागे येत असताना ह्यांचे मित्र चाकाखाली सापडून वारले. ते त्याच यार्डात मालाच्या नोंदी करायचे. अकरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. अपघातानंतर आठवडाभर हे कामावर गेले, आणि मग एका सकाळी बूट घालून दारातच बसून राहिले. रोडपालीच्या आमच्या घरात हायवेवरचे ट्रेलर ऐकू येतात. भर मे महिन्यात आम्ही खिडक्या बंद करून राहायचो. मी विचारलं की एकच उत्तर यायचं, "समोर होतो मी. काही करता आलं नाही."

तरी मी ह्यांना कसंबसं नेलं. पहिले तीन रविवार हे शेतावर बूट-मोजे न काढता उंबराखाली बसून होते. बाकीचे पाताळगंगेच्या काठाने अनवाणी फिरत होते. परीक्षेच्या भीतीने कॉलेज सुटलेली एक मुलगी होती, दोन निवृत्त गृहस्थ होते. गट चालवणाऱ्या ताईंनी ह्यांना एकदाही आग्रह केला नाही.

ह्यांना उठवलं ते एका आजींनी. उरणकडच्या कोळीण, आयुष्य मासे विकण्यात गेलेलं, आता पनवेलला लेकीकडे राहायच्या. लकव्याने त्यांचा डावा हात लुळा पडला होता.

"ए भाऊ, जरा रोप धर. माजा हात मेलाय, तुजा तर जिता हाय ना?"

हे उठले. त्या दिवशी दोघांनी मिळून वांग्याची एक अख्खी ओळ लावली. घरी आल्यावर ह्यांनी नखांतली माती घासून काढली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पावसाळा सरेपर्यंत असंच चाललं होतं. मग एका रविवारी मी पाण्याची कळशी घेऊन येत असताना दुधीच्या मांडवामागून ह्यांचा आवाज ऐकला.

"ड्रायव्हरला मीच हात करत होतो, आजी. ये, ये, येऊ दे. मोबाइल वाजला म्हणून खाली बघितलं. पण हात तसाच हलत राहिला."

मी जागच्या जागी थांबले.

"त्याची बायको हाय?" आजींनी विचारलं.

"आहे."

"तिला ठावं हाय?"

"नाही. चौकशीत सगळं ड्रायव्हरवर गेलं."

"मंग मला काय सांगतस? तिला सांग."

खरं सांगायचं तर आधी मला त्या मेलेल्या माणसाचं वाईट वाटलं नाही. जे मला सांगितलं नाही ते ह्यांनी चार महिन्यांच्या ओळखीच्या बाईला सांगितलं, हेच खुपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वतःहून म्हणाले, "वहिनींकडे जाऊ या." ताईंना एकदा विचारावं, असं मनात आलं होतं. विचारलं नाही. इतक्या दिवसांनी ह्यांना आपणहून कुठेतरी जावंसं वाटत होतं, मला तेवढंच दिसत होतं.

मित्राच्या पश्चात वहिनी जासईच्या पुढच्या एका गावात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांनी चहा ठेवला, ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली. ह्यांनी सगळं सांगितलं, हात कसा हलवत होते तेसुद्धा. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "भावोजी, ते लगेच गेले ना? कंपनीतल्या साहेबांनी तसंच सांगितलं होतं."

मी ह्यांचं कोपर दाबलं. पण ह्यांनी त्या दिवशी खरंच बोलायचं ठरवलं होतं.

"नाही, वहिनी. दहा-पंधरा मिनिटं शुद्धीवर होता. तिला बोलवा, तिला बोलवा, म्हणत होता."

"मी घरीच होते," वहिनी म्हणाल्या. "फोन माझ्या हातात होता. बहिणीशी बोलून नुकताच ठेवला होता." मग म्हणाल्या, "कोणी केला नाही."

त्यांनी आमचे भरलेले कप उचलले आणि आत गेल्या. परत बाहेर आल्याच नाहीत. आतून भांड्यांचासुद्धा आवाज येईना. अर्धा तास बसून आम्ही दार लोटून निघालो.

त्या आठवड्यापासून ह्यांना झोप लागायला लागली. डॉक्टरबाईंनी एक गोळी कमी केली. हे आता नदीच्या काठाने अनवाणी चालतात, नवीन आलेल्या माणसांना वाफे कसे करायचे ते दाखवतात. ताई मला म्हणाल्या, "किती फरक पडलाय बघा." फरक पडलाच होता. मी मान हलवली.

दोन महिन्यांनी मी एकटीच वहिनींकडे गेले. काय बोलणार होते कोण जाणे. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई सुकट वाळत घालत होती.

"तिला भावानं नेलंय म्हायेरी. जेवत नव्हती. फोन हातात घेऊन बसून रायची, वाजला तरी उचलायची नाय." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कोण?"

"ओळखीची," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा हे खिडकी उघडी ठेवून पेपर वाचत बसले होते. "कुठे गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"बाजारात."

"मग भाजी नाही आणलीस?"

"चांगली नव्हती," मी म्हटलं आणि हातपाय धुवायला गेले.