पिंजाऱ्याच्या घरचं दूध

माह्या आंगचं दूध चैत्रात आटलं. नऊ दिवस हिवताप आलता मले. ताप गेला, अन जातानी दूधई घेऊन गेला. लेकरू दोन महिन्याचं. त्याच्या आधीचे दोघं मातीत गेलते, म्हनून हे तिसरं मी छातीवरून खाली ठेवत नव्हती. अन आता छातीतच काई नाई.

आमी अमरावतीले मिशनच्या आवारात राहत होतो. माहा मालक शाळेची घंटा वाजवे, झाडझूड करे. शाळेची गोरी मिसबाई इथं असती तर तिनं डब्याचं दूध दिलं असतं. पन उन्हाळा लागला का सारे गोरे लोक चिखलदऱ्याले थंड हवेत जात. दुधाचे डबे कपाटात, कपाटाले कुलूप, अन किल्ली पहाडावर.

बकरीचं दूध पानी घालून पाजलं, कापसाच्या वातीनं. लेकरू घे अन लगेच टाकून दे. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला. टाळू खोल गेली.

मालक म्हने, "देव पाहून घेईन."

मी म्हनलं, "कवा?"

"असं इचारू नाई."

तो गुडघे टेकून बसे. मीई टेकत होती, पन अर्ध्या प्रार्थनेतून उठत होती. लेकराच्या नाकापाशी हात धरून पाहाचं, श्वास हाये काय, मंग पुन्हा टेकाचं. 'प्रभू' म्हनलं का पुढचं काई सुचेच ना. घरात बसवत नव्हतं. लेकरू घेऊन फाटकापर्यंत जाची, रस्ता पाहाची, वापस याची. कोन येनार होतं, ते मलेई ठाऊक नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडे एका पिंजाऱ्याचं घर होतं. मुसलमान लोक. मानूस कापूस पिंजे, गाद्या भरे. त्याच्या बायकोले चार महिन्याची पोरगी होती. आमचं त्याईच्याशी बोलनं काईच नाई. चौथ्या दिवशी सकायी ते बाई दारातूनच वरडली, "ए बाई, सबेरे से दस चक्कर हो गए तेरे. क्या ढूंडती?"

मी जवय गेली अन लेकरू दाखवलं.

तिनं आपली पोरगी खाली ठेवली अन माहं पोट्टं घेतलं. "पहले बोलना था ना. मुँह में जबान नहीं तेरे?"

पोट्टं पेलं. आधी जोर नव्हता, मंग घटघट पेलं, अन पेता पेताच झोपलं. मी तिच्या दारात उभी राहून पाहत होती. बस म्हनली तरी बसवलं नाई. उद्या हे नाई म्हनली तर, हेच डोक्यात.

दोन दिवस असं चाललं. मंग संध्याकायी तो पिंजारी आमच्या ओसरीत आला. धुतलेली टोपी घालून आलता. मालकाले म्हने, "भाई, हमारे में जिसने दूध पिलाया वो माँ. तो मेरी बेटी आज से इस बच्चे की बहन हुई. आगे चलके इनका आपस में रिश्ता नहीं होता. ये बात दोनों घर को मालूम रहना. कबूल है?"

मालक हसला. म्हने, "आमी किरिस्तान, भाऊ. आमच्या पोट्ट्याचं लगन तुमच्याकडे कोन लावते? त्याची कायजी तू नोको करू."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याले वाटलं, आपन समोरच्याचा घोर मिटवला. पिंजारी "ठीक है" म्हने, अन गेला. तो आपली लेक माह्या पोट्ट्याले बहीन म्हनून द्याले आलता, अन माह्या मानसानं त्याले ओसरीतूनच वाटे लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याईचं दार बंद. दुपारपर्यंत पोट्टं रडलं, मंग रडाचंई थांबलं. मालक पुन्हा गुडघ्यावर. मी म्हनलं, "तू देवाशी बोल. मी पिंजाऱ्याशी बोलून येतो."

मांगच्या आंगनात तो कापूस पिंजून राह्यला होता. सारा कापूस हवेत, त्याच्या मिशीवर, पापन्यावर. मी नाका-तोंडाले पदर लावला अन म्हनलं, "भाऊ, याची माय मी हाये. तुमची लेक याची बहीन. मले कबूल हाये. बापाचं मनावर घेऊ नोका, घंटा वाजवून वाजवून त्याचं डोकं बहिरं झालं."

पिंजन थांबली. तो खाली पाहून हसला, अन आत आवाज दिला, "अरी सुन, तेरा बेटा आया."

पन घोर काई सरला नाई. आठ दिवसानं समजलं का त्याईले अकोल्याले जा लागते. लग्नसराई होती, तिथल्या एका शेठच्या घरी गाद्या-रजया भराचं दीड महिन्याचं काम. पिंजारीन म्हने, "चल साथ में. टाके डालने को हाथ तो लगेगा."

ऐतवारी उपासना झाल्यावर मंडळीतल्या म्हाताऱ्या पंचानं मले अडवलं. "लेकरू किरिस्तानाचं अन दूध मुसलमानाचं. देवावर भरोसा ठेव बाई, घरी ऱ्हाय."

मी म्हनलं, "बावाजी, तुमच्या घरी कोनी बायंतीन हाये काय?"

"नाई."

"मंग देवानं जिच्यापाशी दूध ठेवलं, तिच्याच मांगं जा लागते मले."

त्याची बायको तोंडाले पदर लावून दुसरीकडे पाहाले लागली.

मालक बदनेऱ्याच्या ठेसनापर्यंत आला, गठुडं त्याच्या डोक्यावर. म्हने, "मी रोज प्रार्थना करीन." मी म्हनलं, "कर. अन चूल सारवत जा."

अकोल्याचा उन्हाया अमरावतीहून वाईट. कापसाच्या बजाराच्या मांगं एक टिनाची खोली. दिवसभर मी गाद्याईले टाके घालत होती, अन डोयाच्या कोपऱ्यातून पिंजारनीचं ताट पाहत होती. किती भाकर खाल्ली, किती पानी पेली. माह्या वाटची दाय तिच्या ताटात टाकत होती. ते म्हने, "कितना खयाल रखती मेरा." मले लाज वाटे. खयाल तिचा नव्हता, दुधाचा होता. प्रार्थनाई तशीच: देवा, तिचं दूध आटू देऊ नोको.

मंग तिले ताप भरला. तसाच हिवताप, दातावर दात वाजत होते. पिंजारी हकीम पाहाले धावला. दोन्ही लेकरं रडून राह्यलेले. मी तांदळाची पेज केली, पातळ गाळली, चमच्यानं आधी तिच्या पोरीले दिली, मंग माह्या पोट्ट्याले. एक घास याले, एक तिले. मंग तिच्या कपायावर ओलं फडकं ठेवलं अन देवाले म्हनलं, या बाईले उठव. दुसरं काई म्हनलंच नाई. दुधाचं मांगाचं राहून गेलं, हे मले दुपारी ध्यानात आलं.

दोन दिवस तसेच गेले. पोट्ट्यानं पेज टाकली नाई. एकडावई नाई.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पिंजारीन उठून बसली, तोंड धुतलं, अन हात पुढं केले. "ला मेरा बेटा. भूका रहा होगा."

मी म्हनलं, "नाई भाभी. पेजेवर राह्यला. पचली त्याले."

"ऐसा? दो दिन में अम्मा बदल दी इसने?" म्हने, अन त्याचा गाल असा चिमटला का पोट्टं वरडलं.

दूध कमी होतं, तरी तिनं त्याले पाजलं. दुसऱ्या आंगाले पोरगी लावली. मी पेजेचं गंज-भांडं घेऊन नयावर गेली, घासलं, अन रात्रीसाठी पुन्हा तांदूय भिजू घातले. त्या दिवशी देवापाशी उद्याचं काई मांगाचं माह्या ध्यानात राह्यलं नाई.

दुसऱ्या दिवशी लागली पुन्हा कायजी, ते निरायं.