सकाळची उंची

मालाडच्या आमच्या चाळीत 'अर्ध्या'इतका कामसू पोरगा नव्हता, तरी जेव्हा बघावं तेव्हा तो आडवा. बाकावर, कठड्यावर, मैदानाच्या सिमेंटच्या पायरीवर. खरं नाव संदेश. सैन्यभरतीला लागणाऱ्या उंचीत तो अर्धा सेंटीमीटर कमी पडायचा, म्हणून 'अर्ध्या' हे नाव आम्हीच ठेवलेलं.

माणूस झोपून उठला की जरासा उंच असतो आणि दिवसभरात दबत जातो, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. घराच्या चौकटीवर त्याने पेन्सिलीने दोन खुणा केल्या होत्या, सकाळची आणि संध्याकाळची. सकाळची बरोबर मापात बसायची. "मी सकाळी जवान असतो रे, संध्याकाळी सिव्हिलियन," असं म्हणायचा. त्याची आई कपाळाला हात लावून पोराबद्दल मालवणीत म्हणायची, "माझो झील उभो रवलो की कमी होता!"

सैन्यात आता चारच वर्षांसाठी घेतात, हे त्याला माहीत होतं. "चार तर चार. इथे कोण चार महिने ठेवतंय?" त्या वर्षी त्याचं वय संपत होतं, ही शेवटचीच भरती. त्याने ओळखीतला भाजीचा टेम्पो मिळवला आणि मागे गादी टाकून सगळी वाट पडून आला. मीही भरतीलाच निघालो होतो, शेजारी बसून हसत होतो.

भरतीच्या मैदानावर ही गर्दी. तुकड्या पाडायला आम्हाला चिठ्ठ्या उचलायला लावल्या. माझी पहिली तुकडी निघाली. अर्ध्याची शेवटची, म्हणजे माप दुपार उलटल्यावर.

चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता आकडा; आपसांत बदलली असती तरी कुणाला कळलं नसतं. अर्ध्याने माझ्या हाताकडे पाहिलं, पण चिठ्ठी मागितली नाही. मला उन्हात धावायची धास्ती वाटली आणि मी चिठ्ठी खिशात घातली. सकाळच्या गारव्यातही मी धावण्यात बाद झालोच. चिठ्ठी त्याला न दिल्याची लाज अजून जात नाही.

अर्ध्या कुंपणापाशी मातीत आडवा झाला. रांग सरकली की हवालदार ओरडून उठवायचा, हा पुन्हा पडायचा. चारच्या सुमाराला तो पट्टीखाली उभा राहिला. मान इतकी ताणली होती की शिरा दिसत होत्या. बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "वाट लागली यार. अर्धाच."

परतताना गादी तशीच अंथरलेली होती. तो तिच्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. मालाड यायला आलं तरी तसाच. माझ्याच्याने बघवेना.

"पड ना रे जरा," मी म्हणालो.

"आता कशाला?"