ढोलातली गोधडी

धम्मदीप विमा कंपनीत क्लार्क होता, पण ते पोटापाण्यापुरतं. मलकपेठेतल्या घराची मागची खोली हे त्याचं खरं साम्राज्य. भिंतींना फोम, खिडकीला जुनी गादी आणि मधोमध ड्रमसेट. तिला तो स्टुडिओ म्हणायचा. त्याची बायको स्वप्ना बेडरूमच म्हणायची, कारण होती ती बेडरूमच.

त्याची आई केसरबाई लग्न होऊन नांदेडहून आलेल्या. दर जयंतीला विहारात स्वतः रचलेली गाणी म्हणायच्या आणि विहाराचा माइक दरवर्षीप्रमाणे बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या बाया डोळे पुसायच्या. यंदा त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. केसरबाई एवढंच म्हणाल्या, "दीपा, त्याच्याआधी माझं पाटीचं गाणं तेवढं भरून घे."

दुसरा कुणी असता तर त्याने आईपुढे माइक धरला असता. पण धम्मदीप जाणकार पडला. जाणकार माणूस गाण्याची सुरुवात गाणाऱ्यापासून करत नाही, किक ड्रमपासून करतो. किक म्हणजे ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ढोल. आधी पाया, मग भिंती, हे त्याचं तत्त्वज्ञान. मिरवणुकीत गाणं वाजलं की छातीत धम् झालं पाहिजे म्हणे.

मग सुरू झाली माइकची सोयरीक. एक माइक ढोलाच्या आत, ठोका बसतो तिथे जवळ. त्यात नुसतं टक् यायचं. दुसरा बाहेर, पुढच्या कातड्याच्या भोकाशी. त्यात नुसतं धम्. दोन्ही एकत्र लावले की एकमेकांना खाऊन टाकायचे आणि उरायचा तो रिकामा डबा. मग एक माइक बोटभर मागे, दुसरा बोटभर तिरका. आईच्या औषधाची वेळ चुकायची, माइकचा कोन नाही.

"अहो, फोनवर तरी घ्या ना," स्वप्ना म्हणाली.

"फोनवर?" जणू तिने आईला बसच्या टपावर बसवून पाठवायला सांगितलं होतं. "माझ्या घरात स्टुडिओ असताना?"

असे रविवार गेले. ऑपरेशनसाठी सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं ठरलं आणि हाताशी शेवटचा रविवार उरला. ड्रम वाजवायला सिकंदराबादहून रेल्वेतला मित्र उदय आला. ढोल फार घुमतोय म्हणून धम्मदीपने त्याच खोलीत कोपऱ्यात असलेल्या केसरबाईंच्या खाटेवरची गोधडी उचलली आणि ढोलात कोंबली. जुन्या लुगड्यांची, त्यांनी स्वतः शिवलेली. घुमणं थांबलं. धम्मदीप खुलला. केसरबाई पाय पोटाशी घेऊन बसल्या.

"चाल कळल्याशिवाय मी काय वाजवू भाई?" उदय म्हणाला.

"आई, तू म्हण. नुसतं अंदाजापुरतं."

केसरबाई खाटेवरून गायल्या. शाळेत पहिल्यांदा निघालेल्या पोरीच्या हातातल्या पाटीचं गाणं. अंदाजापुरतं गाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. प्रत्येक वेळी पूर्ण गळ्याने म्हटलं.

"बढिया गातंय हो अम्मा!" उदय म्हणाला. "भाई, यांच्यापुढं एखादा माइक लाव की."

"नक्को. ढोलाचा आवाज त्यात घुसतो. आईचं नंतर, शांततेत."

उलट आईचाच आवाज ढोलाच्या माइकात शिरत होता, हा त्याला मोठा अपराध वाटला. त्यावर त्याच्याकडे गेट नावाचा इलाज होता. ठोका पडला की दार उघडायचं, ठोका विरला की बंद. मधलं काहीच आत येत नाही. गेट लावूनच त्याने भरून घेतलं. संध्याकाळी ढोल असा काही उमटला की धम्मदीपने उदयला मिठी मारली.

"हां आई, आता तू."

केसरबाईंनी तोंड उघडलं. आवाजाऐवजी घरघर आली. दिवसभर अंदाज देऊन गळा बसला होता.

"जाऊ दे," धम्मदीप म्हणाला. "ऑपरेशननंतर आरामात घेऊ. डॉक्टर लोक उगाच भेव दाखवतात."

या वेळी डॉक्टरांनी उगाच दाखवलं नव्हतं. गाठ निघाली, केसरबाई सुखरूप घरी आल्या, पण बोलणं वाऱ्यासारखं झालं. सूर काही लागेना. जेवताना त्या कुजबुजल्या, "दीपा, गाणं लाव की माझं."

धम्मदीपने मागच्या खोलीत त्यांना खुर्चीवर बसवलं आणि होतं ते लावलं. धम्. त्या ठोक्यापुरतं दार उघडलं आणि आतून आईच्या गळ्याचा एक तुकडा आला, "पा". दार बंद. धम्. "टी". मग शांतता, त्याने मोठ्या कष्टाने मिळवलेली, स्वच्छ. धम्. "ले". पुढचा शब्द दाराबाहेरच राहिला होता. धम्मदीपने गेट काढायचा प्रयत्न केला, पण जे आत घेतलंच नव्हतं ते काढणार कुठून? त्याला रडू फुटलं.

केसरबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मान हलवत ताल धरला. मग हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ढोल चांगला भरलास बाबा," त्या कुजबुजल्या. "आता माझी गोधडी काढून दे. थंडी वाजायली."