साहेबाच्या सहीमागची घडी

आमच्या घरात देवांपेक्षा साहेबाच्या सहीची बडदास्त जास्त. देव दसरा-दिवाळीला चिंचेने घासले जायचे. सहीच्या फ्रेमवरून मात्र रोज मऊ फडकं फिरायचं.

साहेब म्हणजे विलायतेतला एक बडा मंत्री. नाव लिहीत नाही. त्याच्या पतवंडांशी माझं भांडण नाही, भांडण आहे ते आमच्याच माणसांशी. माझे पणजोबा कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते. दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या गळ्यात त्यांनी हार घातला, आणि तेवढ्या पुंजीवर आमच्या चार पिढ्या नाक वर करून जगल्या. पुराव्यादाखल घरात दोन वस्तू. एक चमचा, ज्याने साहेबाने म्हणे चहा ढवळला. त्यावर रेल्वेच्या उपाहारगृहाचा शिक्का आहे, म्हणजे पणजोबांनी तो सरळ ढापलेला! हे मी एकदा बोलून दाखवलं तर बाबांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

दुसरी वस्तू पत्र. फ्रेममध्ये दिसायचं ते एवढंच: निष्ठेबद्दल आभार मानणारी एक ओळ आणि खाली ती ऐसपैस सही. वरचा अर्धा कागद मागे दुमडलेला. तो उघडून बघावा असं इतक्या वर्षांत कुणाला, खरंच सांगते, कुण्णाला वाटलं नाही. सही दिसतेय ना, मग झालं तर!

यंदा बाबांना पंचाहत्तरावं लागलं. नातेवाइकांनी गौरवपुस्तिका काढायचं ठरवलं, मुखपृष्ठावर अर्थातच पत्र. पण पत्राला बुरशी लागलेली. जुना कागद जपानात फार छान दुरुस्त होतो असं बाबांनी कुठेतरी वाचलं. मी कावासाकीच्या एका संस्थेत धाग्यांवर संशोधन करते, त्यामुळे हे काम माझंच, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दोन महिने राहायला आले ते फ्रेम मांडीवर घेऊन. आईने माझ्यासाठी केलेली भाजणी वजनात बसेना म्हणून पुण्यातच राहिली. साहेब मात्र विमानातून ऐटीत आला.

तोक्योच्या कोतो भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रेमला जागा उरली होती ती फ्रिजवर, कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा त्या तक्त्याच्या शेजारी. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने फ्रेमकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं आणि जपानीत विचारलं, "हे कागदाच्या वारी जाणार की काचेच्या?"

"काय म्हणतेय गं?" बाबांनी विचारलं.

"छान आहे म्हणतेय," मी म्हटलं.

संस्थेतल्या ओळखीतून कागद दुरुस्त करणाऱ्या एक बाई मिळाल्या. साठीच्या, बारीक अंगाच्या. सगळे त्यांना सेन्सेइ म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या सरांसारखं. एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. सेन्सेइंनी पत्राला हात लावायच्या आधी फॉर्म पुढे केला. इथे फॉर्मशिवाय पान हलत नाही. मालकाचं नाव, कागदात उल्लेख असलेल्या व्यक्ती, त्यांचं मालकाशी नातं. बाबांनी मराठीत लिहायचं आणि खाली मी जपानीत, असं ठरलं. बाबांनी साहेबाचं नाव पदव्यांसकट लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, स्नेही.

"अहो बाबा, स्नेही?"

"कौटुंबिक स्नेही. जागा कमी आहे म्हणून कौटुंबिक गाळलं."

मी कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने जपानीत स्नेही लिहिलं.

सेन्सेइंनी मग विचारलं, घडी उघडायला परवानगी आहे का? कागद पूर्ण उलगडून, फोटो काढून मगच त्या कामाला लागतात. "उघडा की!" बाबा खूश होऊन म्हणाले. "वर आमच्या आजोबांची तारीफ असणार." आणि झोकात सही ठोकली.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा पत्र टेबलावर सपाट पडलेलं होतं. बुरशी गेलेली, अक्षर लख्ख. बाबा चष्मा शोधत होते तोवर लेकीने शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. पणजोबांनी साहेबाला कळवलं होतं की सत्याग्रहात तुरुंगात गेलेला आपला सख्खा धाकटा भाऊ आपल्या घरचा नाही, आणि त्याला पुन्हा घरात पाऊल ठेवू देणार नाही. साहेबाने त्याची नोंद घेतली होती. नोकरीला धक्का लागणार नाही असं आश्वासन दिलं होतं. आणि त्याच्याखाली आमची ती लाडकी ओळ, निष्ठेबद्दल आभार.

पत्रात त्या भावाचं पूर्ण नाव होतं. लेकीने ते वाचलं आणि सवयीने पुढे 'सान' लावलं, आपल्या 'राव'सारखं. इथे कुणाचं नुसतं नाव घेत नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कोण हे?"

मला तरी कुठे माहीत होतं! पणजोबांना एक भाऊ होता आणि तो लहानपणीच तापाने गेला, एवढंच आम्हाला सांगितलेलं. फोटो नाही, नाव नाही. चार पिढ्या रोज मऊ फडक्याने आम्ही काय पुसत होतो ते मला त्या टेबलाशी कळलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यांना सांग," बाबा हळू आवाजात म्हणाले, "होती तशी घडी घालून द्या."

मी सांगितलं. सेन्सेइंनी मान झुकवून माफी मागितली. घडीवरचे धागे तुटलेले आहेत, आता दुमडलं तर तिथेच दोन तुकडे होतील. मग तो फॉर्म त्यांनी पुन्हा पुढे सरकवला. कागदात आणखी एका व्यक्तीचा उल्लेख निघाला आहे, तेव्हा कृपया नाव आणि नातं लिहावं.

बाबांनी पेन उचललं.

"तापाने नाही गेले ते," बाबा म्हणाले. "दिवाळीला एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहायचे. आजी फराळाचा डबा भरायची. न्यायचो मी. सहा-सात वर्षांचा असेन. दर वर्षी मला नाव विचारायचे, विसरल्यासारखं. साहेब तोवर देश सोडून गेला होता गं! तरी कुणी त्यांना आत बोलावलं नाही. एकदा मी आजोबांना विचारलं, हे कोण? तर आजोबा म्हणाले, डबा परत आणलास ना?"

मग बाबांनी पेन टेकवलं आणि आधी वरचं स्नेही खोडलं, इतक्या जोरात की फॉर्म फाटला. सेन्सेइ कळवळल्या. कागद फाटलेला त्यांना बघवत नाही. त्यांनी नवा फॉर्म आणून ठेवला.

त्यावर बाबांनी एकच नाव लिहिलं. लेकीकडून दोनदा खात्री करून घेऊन, सावकाश. आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, घरचे.