हिवाळ्यात आखलेला रस्ता

१४ ऑगस्ट. ऊन. रस्ता पुन्हा खचला, या खेपेला गोबाच्या जीपसकट. झोमो गाईने सकाळी जेमतेम वाटीभर दूध दिले.

एवढे लिहून स्पालझेसने चष्मा काढला. श्रीनगरच्या शाळेत नन्सनी लावलेली ही रोजनिशीची सवय नवरा गेल्यावरही सुटली नव्हती. दारात गावचा गोबा, म्हणजे मुखिया, मुटुप, गुडघाभर चिखलात माखून उभा होता.

"आबी-ले, तुमचा नांगराचा झो द्या. जीप ओढायचीय." त्याने आजीबाईंच्या अंगणातल्या याक-गाईच्या संकरी बैलाकडे बोट केले.

"अगोबाई! रस्ता असताना झो कशाला?"

"थट्टा नको. जमीनच दगाबाज निघाली."

दगाबाज म्हणे! साहेब रस्ता आखायला आले ते जानेवारीत. डोंगराच्या कडेने नेला तर मुटुपचे गेस्टहाउस बाजूला पडणार, म्हणून यानेच त्यांना गोठलेल्या दलदलीवरून जीप पळवून दाखवली. उन्हाळ्यात तिथे याक पोटापर्यंत रुततो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुढे डांबर तापले, खालचा कधी न वितळणारा बर्फ सुटला, आणि त्या बर्फाने तोलून धरलेले पाणी रस्त्याकडेच्या चरातून पळाले. खालचे कुरण आता टक्कल पडल्यासारखे दिसत होते. हिवाळ्याला काडी नाही. झोमो गाय सप्टेंबरात व्यापाऱ्याच्या दावणीला जाणार, हे स्पालझेसने मनाशी धरले होते.

"पुढच्या वर्षी आणखी मुरूम टाकणार आहेत," मुटुप म्हणाला.

"टाका, टाका. फुटक्या मडक्यात पाणी ओतायची हौस दांडगी तुम्हाला."

"झो देताय की नाही?"

"तुझ्या शेतातले मटारवेलींचे वीस भारे. माझ्या झोमोचा हिवाळा."

"वीस! एक जीप ओढायला?"

"नको तर राहू दे. पाहुण्यांना सांग, आमच्याकडे जीप उगवते."

"बरं, बरं. संध्याकाळी पाठवतो."

"आधी भारे, मग झो. तुझा शब्द जानेवारीत घट्ट असतो, ऑगस्टात पातळ होतो."

मुटुप दात खात गेला. दुपारी भारे आले, मग झो सुटला. जीप निघाली ती एक चाक चिखलातच ठेवून.

रात्री तिने सकाळच्या ओळींखाली लिहिले: वीस भारे मिळाले. तीन ओले होते, ते छतावर वेगळे पसरले.